सातच्या बोटीचं धुकं

१० नोव्हेंबर

चि. भिंगरीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. पहिलं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. रोज लिहायला बसतो, ‘चि. भिंगरीस’ एवढं होतं आणि मग वाटतं, भलतंच काही लिहून गेलो तर? तू आता ऑफिसातली माणूस. तुझी मामी म्हणते, “अहो, भाचीला पत्र लिहिताय की पोलिसांत जबाब देताय?” तिला बोलायला काय जातं. फोन करावा तर माझ्या कानांना फोनमधून नुसता वारा ऐकू येतो, हे तुला ठाऊकच आहे.

खरं सांगायचं तर तुमच्या ऑफिसची गाडी माझ्या सदतीस नोंदवह्या घेऊन गेली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण वह्या धक्क्यावरच्या कपाटात आहेत हा एक धीर होता. तुमच्या माणसांनी त्या खोक्यांत भरल्या, उभ्या भरल्या. उभी ठेवली की वहीची शिवण सुटते. मी दोनदा सांगितलं. एक जण म्हणाला, “काका, आता त्या वाचायच्याच नाहीत, सगळं क्लाउडवर जाणार.” मी घरी येऊन मामीला तेच सांगितलं, तर ती खिडकीशी जाऊन वर बघून आली. म्हणाली, “एवढ्या जड वह्या!” मला हसू आलं. पण नंतर वाटलं, जन्मभर ज्या धुक्याकडे बघत बसलो, ते अखेर आपल्या जागी गेलं म्हणायचं.

तू विचारलं आहेस की वहीतला आकडा म्हणजे नेमकं काय. लिहून ठेव, म्हणजे तुझ्या वरिष्ठ बाईंना सांगता येईल. खाडीत बोटीच्या वाटेवर बारा खांब आहेत, लाल-पांढरे. सकाळी साडेसहाला इकडच्या धक्क्यावर उभं राहायचं आणि किती खांब दिसतात ते मोजायचं. बारा दिसले म्हणजे स्वच्छ. पाचांहून कमी दिसले तर सातची बोट सोडायची नाही. मी घंटा वाजवायचो आणि माणसं बाकांवर बसून राहायची. तो आकडा, बस, दुसरं काही नाही. सातवी शिकलेल्या माणसाला बारापर्यंत मोजायला पुरतं.

आणि एकाच तारखेला दोन आकडे कसे, हेही विचारलंस. दुसरा पलीकडच्याचा. पलीकडच्या धक्क्यावरही एक नोंदवाला होता, तो त्याच्या बाजूने खांब मोजायचा. त्याचे कागद वर्षाअखेर गठ्ठा बांधून माझ्या कपाटात यायचे. मी ते कधी उघडले नाहीत, वह्यांबरोबर तेही तुमच्याकडे गेले. सदतीस वर्षांत आम्ही भेटलो नाही, कारण मला बोट लागते. (हस, सगळे हसतात.) मला तो पाण्यापलीकडचा ठिपका होता, त्याला मी. पण बोट सोडणारा मी. तो दहाला उठून अंदाजाने आकडा टाकत असणार. तेव्हा जिथे दोन आकडे भांडतील, तिथे माझा धर. तुला दुसऱ्या कुणी सांगितलं तरी माझाच धर.

आकडे ‘धुऊन काढायचे’ असं तू लिहिलंस. फार धुऊ नकोस.

तुझा
मामा

*

१७ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि मोठ्याने हसले. बाजूच्या टेबलावरची म्हणाली, “पत्र? खरं पत्र? पाकिटातलं?” आता सगळ्यांना तुझ्या वह्यांच्या शिवणीची काळजी लागली आहे.

मी काय करते ते सांगते. क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी असलेली पुष्कळ संगणकांची एक मोठी खोली, आणि आम्ही आपापल्या टेबलावरून त्या खोलीत काम करतो. तुझे सगळे आकडे तिथे एका लांबच लांब तक्त्यात बसले आहेत. दिवसाला एक ओळ. पण ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत. कुठे तू तारीख आधी लिहिलीस, कुठे महिना. कुठे ‘बारा’ अक्षरांत, कुठे ‘सर्व’. एका ठिकाणी ‘आज सर्दी’. (मामा!) मी एकेक पायरी करत हे सारखं करते. पायरी पहिली, तारखा एकसारख्या. पायरी दुसरी, अक्षरांचे आकडे. प्रत्येक पायरीची नोंद बाजूला राहते, म्हणजे कोणी काय केलं ते लपत नाही. पायरी सहावी तुझ्या सांगण्यावरून केली. एका तारखेच्या दोन ओळी असतील तिथे इकडची ठेवली, पलीकडची वगळली. यंत्राने विचारलं, “साडेतेरा हजार ओळी वगळायच्या?” मी म्हटलं, मामाची शपथ, वगळ.

मग आलेख काढला. तीस वर्षं धुकं साधारण तेवढंच आहे, आणि तुझ्या शेवटच्या सहा-सात वर्षांत ते वर चढत जातं. जवळजवळ दुप्पट! बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे तू शोधलंस?” पंधरा डिसेंबरला बोटकंपनीसमोर हे मांडायचं आहे. धुकं वाढलं असेल तर थंडीचे चार महिने सातची बोट बंद करून साडेनऊला सोडायची, असं त्यांच्या मनात आहे. माझी नोकरी पक्की होणं या एका कामावर आहे, हे आईला सांगू नकोस.

एक गंमत सांगू? तक्ता तयार झाल्यावर मी सगळ्यात आधी एकच दिवस शोधला. माझ्या प्रवेश परीक्षेचा. तुझ्याकडे मुक्कामाला होते, सातच्या बोटीने जायचं होतं, तू घंटा वाजवलीस आणि बोट साडेनऊला सुटली. परीक्षा गेली, वर्ष गेलं. तेव्हा मी रडत सांगत होते की मला पलीकडची निळी खिडकी दिसते आहे. आईने दंडाला चिमटा काढला होता, “मामाला दिसत नाही आणि तुला दिसतंय होय?” तर त्या दिवशी तुझा आकडा आहे तीन. बघ, लिहिलेलंच आहे. म्हणजे ती खिडकी मी मनातच पाहिली होती. तेव्हापासून मी आकड्याशिवाय काही बोलत नाही, म्हणून तर या कामाला आले.

तुझ्यासाठी तक्त्याची एक वेगळी प्रत करून ठेवली आहे. वाचनालयात संगणक आहे ना? सोबतची चिठ्ठी तिथल्या बाईंना दाखव.

तुझी
भिंगरी

*

२६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

वाचनालयात जाऊन आलो. तीनदा. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, “आजोबा, कोणता पेपर?” मी तुझी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली, मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही तर संशोधक निघालात.” मी म्हटलं, नाही हो, मी फक्त मोजायचो.

भिंगरे, काय सांगू. पडदा उजळला आणि माझे दिवस खालून वर वाहू लागले. बाई चाकासारखं काही बोटाने फिरवत होत्या आणि वर्षंच्या वर्षं निघून जात होती. तुझी मामी नवी नवरी होती तो महिना गेला. तुझी आई तुला पहिल्यांदा घेऊन आली तो आठवडा गेला. तिथे सगळीकडे आकडेच होते. दहा, अकरा, दहा, सात. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. मला त्या प्रत्येक आकड्याच्या मागे पाणी दिसत होतं. किती वेळ बसलो कळलं नाही. बाईंनी खिडक्या लावायला घेतल्या तेव्हा भानावर आलो.

आता मलाही थोडं येऊ लागलं आहे. रकान्याच्या डोक्यावरच्या खुणेवर टिचकी मारायची आणि ‘पाचांहून कमी’ असं सांगायचं, की तेवढेच दिवस उरतात. बाई म्हणतात, याला गाळणी म्हणा. मी दर वेळी गाळून बघतो. धुक्याचे दिवस तेवढे पडद्यावर राहतात आणि बाकी जन्म बाजूला होतो.

आलेख पाहिला. शेवटी वर चढतो खरा. तुझं कौतुक झालं, मला बरं वाटलं. पण सातची बोट बंद करणार म्हणतेस. त्या बोटीने दवाखान्यातल्या परिचारिका जातात, शिवणकारखान्यातल्या बायका जातात. साडेनऊला पोचल्या तर त्यांना कोण आत घेईल? अर्थात धुकं असेल तर काय करणार. धुक्यापुढे कुणाचं चालतं.

तुझ्या परीक्षेच्या दिवसाबद्दल तू लिहिलंस. आता ते कशाला उकरायचं. पुढच्या वर्षी पास झालीस ना? माणसाला मुलखाचं काय काय दिसतं.

एक विचारायचं आहे. पायऱ्यांच्या यादीत प्रत्येक पायरीपुढे बारीक फुली आहे. ती चुकून दाबली गेली तर काय होतं? तुमच्या ऑफिसात काही बिघडेल का? माझं बोट थरथरतं, म्हणून विचारतो.

तुझा
मामा

*

१ डिसेंबर

प्रिय मामा,

घाईत लिहिते. बिनधास्त दाब. फुली दाबली की ती पायरी निघते, आणि तिच्याआधी तक्ता जसा होता तसा दिसतो. ती तुझी प्रत आहे, ऑफिसचं काही बिघडत नाही. शिकायचं असेल तर सगळ्या पायऱ्या काढून बघ, परत घालता येतात.

पंधरा तारीख जवळ येते आहे. बाईंनी सभेत मलाच बोलायला सांगितलंय. रंगीत तालीम आईसमोर केली, ती म्हणाली, “मामाचं नाव घे, विसरू नकोस.” घेणार आहे. “या नोंदी सदतीस वर्षं एका माणसाच्या डोळ्यांनी केल्या,” असं पहिलंच वाक्य ठेवलं आहे. आवडलं का?

भिंगरी

*

११ डिसेंबर

चि. भिंगरीस.

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून वाचनालयाच्या बाई याचे फोटो काढून तुला पाठवणार आहेत. त्यांनी वाचलं तर वाचू दे. पाच दिवस मी पत्र लिहिलं नाही, घराबाहेरही पडलो नाही. मामीला सांगितलं, सर्दी आहे.

मी फुली दाबली. सहाव्या पायरीची.

दाबताना मनात असं होतं की पलीकडच्याचा आळस एकदा डोळ्यांनी बघू. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आलेखात एकाच्या दोन रेषा झाल्या. तीस वर्षं त्या एकमेकींना धरून चालत होत्या, भिंगरे, हातात हात घालून चालल्यासारख्या. कुठे त्याचा एक खांब जास्त, कुठे माझा. तो दहाला उठत नव्हता. तो रोज माझ्याबरोबरच उठत होता. आणि मग शेवटी माझी रेषा त्याचा हात सोडून वर निघाली, एकटीच. त्याची होती तिथेच सरळ चालत राहिली.

बाईंनी विचारलं, “बरं वाटत नाही का? पाणी देऊ?” मी म्हटलं, नको, काही नाही, धुकं आहे.

तुला माहीत आहे, निवृत्त झाल्यावर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेलो. बारा खांब. दुसऱ्या दिवशी बारा. आठवडाभर बारा. मी मामीला म्हटलं, “धुकंसुद्धा माझ्याबरोबर निवृत्त झालं बघ.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग भांडी आवरायला गेली. तिला तेव्हाच कळलं होतं. मलाही कळलं असणार. पण कळलेलं एखादं गाठोडं असतं, ते माळ्यावर टाकून दिलं की पुन्हा खाली काढावं लागत नाही, असं मला वाटलं.

नोकरीत असताना दर साल एक साहेब डोळे तपासायला यायचे. म्हणजे धक्क्यावर माझ्याबरोबर उभे राहायचे आणि विचारायचे, “सहावा खांब दाखवा.” मी बोट करायचो. तिथेच असायचा. “नववा?” तिथेच. खांब कुठे आहेत हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. साहेब म्हणायचे, “शाबास, नजर आहे!” मी खोटं बोललो नाही, मला कुणी ‘दिसतो का’ असं विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

तेव्हा माझी शेवटची तीन वर्षं सोडून दे. तीन वर्षं डोळा अधू होता. सभेत काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यापायी तुझी नोकरी गेली तर मी काय करू, हे मला सुचत नाही. पण सातची बोट जायला नको.

मामा

*

१९ डिसेंबर

प्रिय मामा,

सभा झाली. सातची बोट राहिली.

तुझ्या पत्राचे फोटो आले तेव्हा मी बसमध्ये होते. आधी उतरून गेले, मग कळलं की हा माझा थांबा नव्हेच. ऑफिसात जाऊन सहावी पायरी काढली आणि दोन्ही रेषा बाईंसमोर ठेवल्या. त्यांनी खुर्ची ओढून दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “यातली खरी कोणती?”

मी म्हटलं, “पलीकडची. बोट चालवणाऱ्यांच्या वह्यांशी ताडून पाहिलं. अनेक दिवसांपुढे ‘उगाच थांबलो’ असा शेरा आहे.”

“आणि इकडची कोणाची?”

“माझ्या मामाची.”

“म्हणून ठेवली होतीस?”

“हो.”

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “सभेत हेच सांगायचं, याच क्रमाने.” सांगितलं. नोकरीचं तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या. म्हणजे गेलीही नाही आणि पक्कीही नाही.

आता तुझ्याबद्दल. तू लिहिलंस, तीन वर्षं. मामा, दोन रेषा शेवटच्या तीन वर्षांत नाही फाटत. त्या तू निवृत्त होण्याच्या सात वर्षं आधीपासून वेगळ्या होऊ लागतात. आलेख तू पाहिलास. तुला ते दिसलं नाही असं आता म्हणू नकोस, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. आणि माझी परीक्षा निवृत्तीच्या पाच वर्षं आधीची. तीन म्हटलं की ती बरोबर बाहेर राहते. तुला बारापर्यंतच मोजता येतं म्हणालास, पण हे गणित चांगलं जमलं तुला.

तू चुकलास याचा राग नाही. म्हणजे असेल, पण तो मला नीट मोजून करायचाय. पण कबूल करतानाही तू तो एक दिवस हातचा ठेवलास. सात वर्षं मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हते. रस्ता ओलांडतानासुद्धा शेजारच्या माणसाकडे बघते, तो निघाला की निघते. आईला सांगितलं. ती नुसती माझा दंड चोळत बसली.

तक्त्यात एक पायरी घालायची आहे. एका तारखेपर्यंत तुझे आकडे खरे धरायचे, तिच्यानंतरचे काढून टाकायचे, त्या जागा रिकाम्या राहतील. ती तारीख यंत्र अंदाजाने काढून देतं. मी त्याला काढू दिली नाही. ती तू सांग.

भिंगरी

*

६ जानेवारी

चि. भिंगरीस, मामाचे आशीर्वाद, घेणार असशील तर.

पुन्हा उशीर झाला. पण या वेळी लपून बसलो नव्हतो. तारीख शोधत होतो, आणि ती घरात बसून सापडेना. म्हणून परवा पलीकडे गेलो. सातच्या बोटीने.

मामी सोबत होती. तिने आल्याचा तुकडा आणि एक पिशवी घेतली होती, पिशवी कशासाठी ते तुला कळलं असेल. तिची गरज चौथ्या खांबापाशी लागली. समोरच्या परिचारिकेने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “पहिल्यांदाच बसलात का बोटीत?” मामी म्हणाली, “छे हो, सदतीस वर्षं हेच बोट सोडत होते.” सगळी बोट हसली, मीही हसलो. मग मान वर केली तर खांब एकेक करून अगदी जवळून जात होते. इतक्या वर्षांत मी त्यांना जवळून पाहिलंच नव्हतं. त्यांना शेवाळ आहे, शिंपले चिकटले आहेत, सातवा जरा कललेला आहे. पाणी एवढं संथ होतं की बोट चालते आहे की किनाराच आपल्याकडे येतो आहे ते कळेना. धुकं नावाला होतं, कुणी श्वास सोडल्यावर उरावं इतकं.

पलीकडचा धक्क्यामागच्याच खोलीत राहतो. माझ्याच वयाचा, टक्कल, जाड भिंगांचा चष्मा. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, “तिकडच्या धक्क्यावरचे ना तुम्ही? उभं राहण्यावरून ओळखलं. डावा खांदा खाली.” मी म्हटलं, “आणि तुम्ही हात मागे बांधता.” मामीने चहाचं विचारलं, त्याच्याच घरात.

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी त्याने चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, “लावून बघा.” लावला. काहीच फरक नाही. साध्या काचा! म्हणाला, “मी फोनवर कळवायचो, इथून बारा दिसतात. तुमच्या बाजूचे साहेब म्हणायचे, आमचा अनुभवी माणूस तीन म्हणतोय, तू डोळे तपासून घे. दोनदा ताकीद आली. दोनदा तपासले, डॉक्टर म्हणाले काही दोष नाही. तरी चष्मा करून घेतला. म्हटलं, तुम्हाला दिसतं ते धुकं मला का दिसत नाही? सगळे म्हणताहेत तर असेलच.” मग चष्मा परत घेत म्हणाला, “पण वहीत मात्र जे दिसलं तेच लिहिलं बुवा. तिथे खोटं लिहायला हात वळेना.”

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “आता या वयात कुठे ठेवू ती? चहा घ्या.” मामी डोळे पुसत होती, चहाच्या वाफेने म्हणाली.

मग आम्ही तारीख शोधायला बसलो. त्याच्याकडे स्वतःची एक प्रत होती, पिवळी पडलेली. महिने मागे नेत नेत तो त्याचा आकडा वाचायचा आणि मी आठवून सांगायचो. एका ठिकाणी त्याचे बारा होते आणि मला ती सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिल्यासारखी आठवली. मी बारावा खांब शोधत होतो. दिसेना. डोळे चोळले, रुमालाने पुसले, पुन्हा पाहिलं. त्या जागी दुधाचा डाग पडल्यासारखं होतं. मला कळलं, भिंगरे. त्याच मिनिटाला कळलं की खांब आहे आणि माझी नजर नाही. तरी वहीत अकरा लिहिलं आणि आपलं धुकं आहे म्हणून टाकलं. एकाच खांबाचं तर होतं. बोट अडणार नव्हती, कुणाचं काही जाणार नव्हतं. त्यानंतर ते एकेक करून गेले.

ती तारीख अकरा मार्च. निवृत्तीच्या सात वर्षं आणि दोन महिने आधीची. तुझ्या यंत्राच्या अंदाजाशी जुळते का ते बघ, नाही जुळली तरी हीच घाल. तिच्या पुढचं माझं सगळं काढून टाक. सदतीसातली तीस राहतात. तीस मला पुष्कळ आहेत.

तीन वर्षं लिहिली ती मुद्दाम लिहिली. तू धरलंस ते बरोबर. फुली दाबल्यावर मीही सगळ्यात आधी तुझाच दिवस शोधला होता. पलीकडच्याचा आकडा बारा. बाजूला माझा तीन. तू बाकावर बसून रडत होतीस, तुझी आई तुला गप्प करत होती, आणि मी पाठ करून उभा होतो. मला ऐकू येत होतं. तेव्हा कान चांगले होते. तू खिडकीचा रंग सांगत होतीस, आणि ती खिडकी निळी आहे हे मला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. रंग कळायला मागे वळून तुझ्याकडे बघायचं नव्हतं, पुढेच बघायचं होतं. मी बघितलं, मला दिसली नाही, आणि मी घंटा वाजवली. लोकांसमोर भाचीचं ऐकून बोट सोडली तर नोंदवाला कसला, असं तेव्हा मनात आलं. याची माफी मी पत्रात मागत नाही. तू येशील तेव्हा समोर मागेन, किंवा बोलावशील तर मी येईन. आता मला बोट तितकीशी लागत नाही.

एक मागणं आहे. तू म्हणतेस त्या तारखेपुढच्या माझ्या जागा रिकाम्या राहतील. राहू देत. पण तुझ्या परीक्षेच्या दिवसाची इकडची जागा रिकामी ठेवू नकोस. पलीकडचाही आकडा उचलून तिथे घालू नकोस, तो त्याच्या बाजूचा आहे. त्या सकाळी इकडच्या धक्क्यावर चांगले डोळे असलेलं माणूस होतं. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात तिथे तुझं नाव घाल.

फक्त आकडा मला माहीत नाही. मी तुला विचारलंच नव्हतं. तुला किती खांब दिसत होते, भिंगरे? दोन ओळी लिही, एकच आकडा लिही, पण लवकर कळव.

तुझा
मामा